विंडो, वातायन आणि ढकलपत्र

"विंडो हा शब्द संस्कृत वातायनवरून आला. वात म्हणजे वारा. गोऱ्यांना वातायन म्हणता येईना, म्हणून विंडो झालं. तसंच मदर म्हणजे मातृ, नेम म्हणजे नाम, व्हॅटिकन म्हणजे वाटिका. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा."

हे ढकलपत्र तुम्हाला आजवर आलं नसेल तर एक तर तुमचा फोन बंद आहे किंवा तुम्हाला नातेवाईक नाहीत. आमच्या आधीच्या पिढीतल्या इंजिनियरांना ते ईमेलवर यायचं, खाली शंभर जणांचे पत्ते लोंबकळत. आता ते व्हॉट्सॅपवर येतं, मागे तिरंगा आणि उगवता सूर्य लावून. पाठवणारे बहुतेक आपल्यातलेच असतात. म्हणजे अशी माणसं, जी ऑफिसात "लॉग दाखव, मग बोल" म्हणून ज्युनियरला परत पाठवतात, आणि संध्याकाळी लॉग न बघता हे पुढे ढकलतात.

माझं म्हणणं सरळ आहे. विंडो हा शब्द वातायनवरून आलेला नाही. तो कुठून आला हे नीट ठाऊक आहे. आणि खरी हकीकत त्या थापेपेक्षा संस्कृतची शान जास्त वाढवणारी आहे. आपण हातातलं सोनं टाकून पितळ मिरवतोय, आणि माझा राग त्याचा आहे.

आधी हकीकत.

विंडो हा जोडशब्द आहे, आणि तो इंग्रजांनीसुद्धा बनवलेला नाही. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत, 'विंदाउगा' असा शब्द होता. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. त्यांची घरं लांबट आणि अंधारी, मधोमध चूल, आणि धूर जायला छपरात किंवा भिंतीत वर एक भोक. काच वगैरे चैन नव्हती. त्या भोकातून वारा आत यायचा, धूर बाहेर जायचा. मग त्याला वाऱ्याचा डोळा म्हटलं तर त्यात नवल काय?

७९३ साली व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढच्या शतकात त्यातले बरेचसे लुटारू उत्तर आणि पूर्व इंग्लंडात कायमचे राहिले, शेती करू लागले, सोयरिकी झाल्या. त्यांचे शब्द इंग्रजीत शिरले ते असे शिरले की आज काढायचे म्हटलं तर इंग्रजी उभी राहणार नाही. स्काय, एग, लॉ, टेक हे त्यांचे. एवढंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंही त्यांची. सर्वनाम उसनं घेणं म्हणजे शेजाऱ्याकडून साखर मागणं नव्हे, शेजाऱ्याची चूलच उचलून आणणं आहे.

त्याआधी इंग्रजांकडे खिडकीला स्वतःचा शब्द होता: 'एआगथ्युरेल', म्हणजे डोळ्याचं भोक. त्यातला थ्युरेल म्हणजे भोक हा तुकडा आजही जिवंत आहे. नाकपुडीला इंग्रजीत नॉस्ट्रिल म्हणतात ना, ते मुळात 'नाक-भोक'. तर हा डोळ्याच्या भोकाचा शब्द मागे पडला आणि विंदाउगा आला. १३ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या 'अँक्रीन विसा' या पुस्तकात तो दिसतो. ज्ञानेश्वरीच्या साठ-सत्तर वर्षं आधीचं हे पुस्तक. चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेणाऱ्या स्त्रियांसाठी ते लिहिलं होतं. जगाशी त्यांचा संबंध फक्त खिडक्यांतून, त्यामुळे खिडकीपासून कसं सावध राहावं यावर त्यात भरपूर उपदेश आहे. दरम्यान फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्यकर्ते आले होते, त्यांच्याबरोबर लॅटिन 'फेनेस्त्रा'चा वंशज 'फेनेस्टर' आला. दोन्ही शब्द काही शतकं शेजारीशेजारी नांदले आणि शेवटी विंडो टिकला. जर्मन लोकांनी मात्र लॅटिनच घेतला, त्यांचा तो 'फेन्स्टर'. डॅनिश लोक आजही 'विंदू' म्हणतात. आयरिश भाषेतला 'फिन्योग' हाही नॉर्स शब्दच. व्हायकिंगांनी आयर्लंडला काही कमी लुटलं नव्हतं, पण म्हणून आयरिश लोकांनी खिडक्या बुजवल्या नाहीत.

म्हणजे १९८५ साली मायक्रोसॉफ्टने आपली पहिली विंडोज बाजारात आणली तेव्हा पाटीवर जो शब्द लावला तो लांब नावांतून आलेल्या दर्यावर्दी लोकांचा. आपण रोज सकाळी लॉगिन करतो ते वाऱ्याच्या डोळ्यांत.

आता वातायनकडे येऊ.

वातायन म्हणजे वात अधिक अयन. अयन म्हणजे जाणं, मार्ग. उत्तरायण, दक्षिणायन यातलं अयन. वारा जायची वाट. यात डोळा कुठेच नाही. डोळा आहे तो दुसऱ्या शब्दात: गवाक्ष, म्हणजे गो अधिक अक्ष, गाईबैलाचा डोळा. अमरकोशात वातायन आणि गवाक्ष शेजारी शेजारीच दिलेत. कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी कमान असते, तिलाही गवाक्षच म्हणतात. म्हणजे गंमत बघा, विंदाउगाचा अर्धा अर्थ वातायनात आहे, उरलेला अर्धा गवाक्षात. ढकलपत्र लिहिणाऱ्याने अमरकोश नुसता उघडला असता तरी त्याला जास्त चांगली थाप मारता आली असती!

आणि 'खिडकी म्हणजे डोळा' ही कल्पना कोणाची मक्तेदारी नाही. गॉथिक भाषेत खिडकीला 'डोळा-दार' म्हणायचे. रशियन 'अक्नो' हा शब्द 'ओको' म्हणजे डोळा यावरून आलाय. घर हा चेहरा मानला की भोक हा डोळा होणारच. दोन प्रोग्रॅमरनी दोन शहरांत बसून आपापल्या व्हेरिएबलला 'काउंट' नाव दिलं, तर एकाने दुसऱ्याचा कोड चोरला असं कोणी म्हणत नाही.

"पण वात आणि विंड सारखे आहेत की!" आहेत. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. वात आणि विंड हे खरोखर नातेवाईक आहेत. अक्षि आणि नॉर्स आउगा, इंग्रजी आय, हेही बहुतेक अभ्यासकांच्या मते एकाच घरातले. म्हणजे जोडशब्दाचे दोन्ही सुटे भाग आपल्या चुलत घराण्यातले आहेत, पण जोडणी त्यांची स्वतःची. सारखे नटबोल्ट आजोबांच्या पेटीतून दोन्ही नातवांना मिळाले. एकाने खुर्ची केली, दुसऱ्याने स्टूल. स्टूल खुर्चीवरून चोरलं असं म्हणणारा माणूस आजोबांनाच विसरतो.

हे नातं ठरतं कसं? सारखं ऐकू येतं म्हणून? मुळीच नाही. एक शब्द घ्या: बदनाम. इंग्रजीत बॅड नेम. अर्थ तोच, आवाज तोच. आता या जोडीतलं नाम आणि नेम हे पक्के नातेवाईक आहेत. पण बद आणि बॅड यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही! आपला बद हा फारसीतून आला, आणि जुन्या फारसी घराण्यात त्याचं रूप 'वद' असं होतं. इंग्रजीतला ब मूळचा. दोघे योगायोगाने एका स्टॉपवर उभे राहिले, इतकंच. एकाच शब्दात अर्धं नातं खरं आणि अर्धं खोटं, आणि कान दोन्हीकडे सारखाच 'हो' म्हणतो. मग अशा कानाला साक्षीदार म्हणून उभं करायचं का?

आता उलटं बघा. चक्र आणि व्हील. एक अक्षर जुळत नाही. तरीही हे सख्खे. जर्मानिक भाषांत मूळच्या क चा ह होतो, प चा फ होतो, द चा त होतो. पाद आणि फुट, दंत आणि टूथ, दश आणि टेन, पितृ आणि फादर. याकोब ग्रिमने १८२२ साली हे नियम मांडले. एका जोडीपुरते नाहीत, सगळ्या जोड्यांना लागू. मूळच्या क्व चा जर्मानिकमध्ये ह्व झाला, म्हणून चाकाला जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल' म्हणत, त्याचं आज व्हील झालं. विंडोसारखाच दिसणारा विडो घ्या. विधवा आणि विडो हे नियमाने जुळतात, व ला व, ध ला ड. ढकलपत्रवाल्यांच्या हाताशी इतका अस्सल पुरावा होता, एका अनुस्वाराने हुकले.

या टप्प्यावर कोणीतरी म्हणतंच, "हे सगळं गोऱ्यांनी रचलेलं. संस्कृत हीच सगळ्यांची जननी." या वाक्याला घाबरून गप्प बसणारे बरेच आहेत. माझं उत्तर आहे की जननी नाही, बहीण आहे, आणि याची साक्ष खुद्द संस्कृतच देते.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी आठवा. कृ धातूचं द्वित्व करून भूतकाळ होतो 'चकार'. गम् चं 'जगाम'. का? पहिलं अक्षर दुप्पट करायचं तर 'ककार' व्हायला हवं होतं. पाणिनीने हा नियम चोख नोंदवलाय, त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. पण असं का होतं याचं कारण संस्कृतच्या आत सापडत नाही, कारण पुरावा पुसला गेलाय. तो सापडतो ग्रीक आणि लॅटिनमध्ये. द्वित्वात तिथे 'ए' हा स्वर येतो. फार पूर्वी आपल्याकडेही तिथे 'ए'च होता. त्या 'ए'मुळे आधीच्या क चा च झाला, ग चा ज झाला. मग संस्कृतमध्ये त्या 'ए'चा 'अ' झाला आणि खुणा तेवढ्या उरल्या. चक्र याच शब्दात पहिला च आणि दुसरा क आहे तो यामुळेच. पहिल्यापुढे 'ए' होता, दुसऱ्यापुढे नव्हता. १८७० च्या दशकात हे उलगडलं. तेव्हा तो जुना 'ए' ग्रीक-लॅटिनने जपला आणि संस्कृतने हरवला. आई जे हरवून बसली ते मुलींकडे वारशाने आलं कुठून? म्हणून आई वेगळी होती. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, आपण तिला सोयीसाठी आद्य इंडो-युरोपीय म्हणतो.

बरं, यात संस्कृतचा अपमान झाला का? अजिबात नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एक असावा असं सांगितलं, ते संस्कृत शिकायला लागल्यावरच. संस्कृत नसती तर हे शास्त्र उभंच राहिलं नसतं. ग्रिमच्या नियमाला एक मोठं छिद्र होतं. जुन्या इंग्रजीत भावाच्या शब्दात थ आणि वडिलांच्या शब्दात मात्र ड, दोन्हीकडे मूळ त असूनही. हे कोडं डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरने सोडवलं, १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात. किल्ली कुठली? वैदिक स्वराघात. भ्रातृ मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, पितृ मध्ये दुसऱ्यावर. इंग्लंड-डेन्मार्कच्या शेतकऱ्यांच्या तोंडी भाऊ आणि बाप यांच्या उच्चारात फरक का, याचं उत्तर वेदपाठी लोकांनी हजारो वर्षं जपलेल्या आघातात निघालं. आता सांगा मंडळी, अभिमान कशाचा बाळगायचा? 'विंडो म्हणजे वातायन' याचा, की याचा?

आणि हे फक्त गोऱ्यांचं काम होतं असंही नाही. त्याच १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून प्राकृत आणि प्राकृतापासून आपल्या भाषा कशा झाल्या हे नियमांनिशी मांडत होते. पुढे कृ. पां. कुलकर्ण्यांनी मराठीचा व्युत्पत्तिकोश केला, तो १९४६ सालचा. ही माणसं एकेका शब्दामागे पुरावा मागत. त्यांचे वारस आपण, आणि आपली व्युत्पत्ती आपल्याला कळते तिरंग्याच्या पार्श्वभूमीवर. पु. ना. ओकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहून व्हॅटिकनची वाटिका आणि ख्रिश्चॅनिटीची कृष्णनीती केली. ख्रिस्ती धर्म जन्मायच्या आधीपासून रोममध्ये त्या टेकडीचं ते नाव होतं, हे बघायची गरज वाटली नाही. पण वाचकांना ओक पाठ आणि भांडारकर म्हणजे फक्त एका रस्त्याचं नाव.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. असे मित्र आहेत जे हे ढकलपत्र आलं की खदाखदा हसतात, आणि वात-विंड, विधवा-विडो ही खरी नातीही थाप समजून कचऱ्यात टाकतात. हेच लोक पार्टीत सांगतात की 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ च्या बोटीवर म्हणे सावलीच्या बाजूच्या तिकिटावर हा शिक्का असायचा. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. पण गोष्ट इंग्रजीत ऐकली की ती ज्ञान, आणि मराठीत आली की ती अंधश्रद्धा. ढकलपत्र ते ढकलपत्रच, फक्त पाकीट वेगळं.

"अरे पण फरक काय पडतो? लोकांना बरं वाटतं, वाटू दे की." हा सगळ्यात गोड प्रश्न, आणि सगळ्यात घातक. फरक तीन ठिकाणी पडतो.

एक, लांडगा आला रे. दहा थापा ऐकलेला माणूस अकरावी खरी गोष्ट मानत नाही. कोणा परदेशी सहकाऱ्याला तुम्ही चक्र आणि व्हीलचं नातं सांगायला गेलात तर तो मनात म्हणणार, आला हा वाटिकावाला. आपल्या खऱ्या वारशाची पत आपणच घालवतो.

दोन, मराठीकडे बघायला वेळच उरत नाही. विंडो कुठून आला याची चिंता करणाऱ्या किती जणांना खिडकी कुठून आली ते माहीत आहे? संस्कृत कोशात 'खटक्किका' म्हणून शब्द आहे, अर्थ बाजूचं छोटं दार. तीच आपल्या खिडकीची आजी. खिडकीतलं तावदान फारसीतून आलं. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, तो पोर्तुगीज. दार, राज्य, बाजार, मिशन, सगळा इतिहास एका चौकटीत बसलाय. इंग्रजांना लुटारूंच्या भाषेतली सर्वनामं वापरताना लाज वाटत नाही. आपल्याला मात्र शब्द उसना घेतला हे कबूल करायचं नाही, म्हणून जगातला प्रत्येक शब्द आपणच उसना दिला असं ठरवायचं. हा न्यूनगंडच आहे, कपडे अभिमानाचे घातलेत.

तीन, सवय. प्रॉडक्शन पडल्यावर "मला वाटतं डेटाबेसच असेल, आवाज तसाच येतोय" असं म्हणणाऱ्याला आपण हाकलून देतो. दिसायला पटणारं कारण आणि खरं कारण यांत फरक करणं हाच तर आपला धंदा. तो धंदा संध्याकाळी सहाला ऑफिसच्या दारात काढून ठेवायचा असेल तर मग आपण इंजिनियर फक्त पगारापुरते. आज शब्दाच्या बाबतीत चालवून घेतलं, उद्या औषधाच्या आणि परवा शेजाऱ्याच्या धर्माच्या बाबतीत चालवून घेणार. सगळी ढकलपत्रं एकाच बोटाने पुढे जातात.

तेव्हा पुढचं असं काही आलं तर तीन प्रश्न विचारा. हा शब्द त्या भाषेत पहिल्यांदा कधी दिसतो? मधल्या काळात तो कोणत्या वाटेने आला? आणि जो आवाजातला बदल सांगितलाय तो दुसऱ्या चार शब्दांतही होतो का, की फक्त याच एका शब्दासाठी देवाने सवलत दिली? मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. ढकलपत्राला शोभेलसा उगवता सूर्य शोधायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात उत्तर मिळतं.

आणि काकांना ग्रुपवर उलट उत्तर द्यायची हिंमत होत नसेल तर निदान चकारची गोष्ट पाठवा. पाणिनीचं नाव आहे तिच्यात. पुढे ढकलतील ते.